सातवा फेरा

वटपौर्णिमेला पारावर ओळीने पडदे मांडले होते आणि प्रत्येक पडद्यात एकेकीचा नवरा हसत होता, कुणाचा कादंबरीतला, कुणाचा मालिकेतला. "देवा, लेखकाला सुबुद्धी दे, ह्यांना गोष्टीत मारू देऊ नकोस," असं पुटपुटत बायका वडाला सूत गुंडाळत होत्या.

"तुमचे कुठल्या गोष्टीतले हो?" नलूताईंनी विचारलं.

"आहेत एका जुन्या गोष्टीतले," हेमांगी मान खाली घालून म्हणाली.

तिचा भास्कर समोर रस्त्याकडेच्या बाकावर खोकत बसला होता. हाडामांसाच्या पुरुषाची ओढ असलेल्या बाईला लोक चवचाल म्हणत, कुणी उंबरा चढू देत नसे. म्हणून चारचौघांत दोघं अनोळखी होत.

हेमांगीचा सहावा फेरा झाला आणि भास्कर बाकावरून कोसळला.

"हात लावू नका गं, खरा माणूस आहे!" कुणीतरी ओरडलं.

सातवा फेरा राहिला तर व्रत मोडणार होतं. हेमांगी तरीही धावली. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तापलेल्या कपाळावर ओठ टेकले. नलूताईंनी लेकीचे डोळे झाकले.

सुताची गुंडी हेमांगीच्या मुठीतच राहिली होती. वडापासून रस्त्यापर्यंत धागा ताणला होता, पण तुटला नव्हता.