नऊचे सहा

जॅझच्या जुन्या रेकॉर्ड पुन्हा ऐकायला बाबा बसले आणि त्यांचं डोकंच फिरलं. कव्हरवर त्यांनीच कधीकाळी पेन्सिलीने दहापैकी नऊ गुण दिलेली लाडकी रेकॉर्ड आता सहाच्या वर जाईना. ड्रमवाल्याच्या झांजा ऐकूच येत नव्हत्या! त्यांनी सुई बदलली, वायरी बदलल्या, स्पीकर या भिंतीचे त्या भिंतीला नेले, आवाज वाढवत नेला. शेवटी "कामचुकार लेकाचा!" म्हणत नऊ खोडून सहा केले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून लेक कानांवर हात ठेवून धावत आली. "बाबा, आवाज कमी करा हो! डोक्यात जातायत त्या झांजा!"

बाबांनी आवाज कमी केला.

मग त्यांनी ड्रमवाल्याला त्याचे नऊ परत दिले आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'ऐकणारा : तीन.'