कडू पूड

आईने पंप तोंडाला लावला, डोळे मिटले आणि श्वास जोरात आत ओढला. पंपातली कॅप्सूल खुळखुळली. मग तिने तोंड वेडंवाकडं केलं.

"कडू जहर आहे गं मेलं! कोणत्या शहाण्याने बनवलंय हे?"

"मी," मुलगी म्हणाली.

आई खो खो हसली, आणि तिला ठसका लागला नाही. हिवाळ्यात एवढी हसली असती, तर नंतर कितीतरी वेळ धापा टाकत बसली असती.

तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. तो पोहायला शिकवायचा आणि सध्या कामासाठी परगावी होता. बहिणीने नेहमीचा प्रश्न विचारला, "तपासणी करून घेतलीस का?"

"केव्हाच! डॉक्टर म्हणाले, तुमच्या फुफ्फुसात दोन भाडेकरू ठेवता येतील. ठेवतो ताई, पोरं पाण्यात आहेत."

मागे ना पोरांचा गलका होता, ना पाण्याचा आवाज. पण तिचं लक्ष आईकडे होतं.

कंपनीत तिला सगळे पूडबाई म्हणत. छातीत ओढायच्या औषधाची पूड बनवणं हे तिचं काम. औषध पिठाहून बारीक करायचं, दुधातल्या साखरेच्या जाडसर कणांना चिकटवायचं आणि कॅप्सूलमध्ये भरायचं. श्वास ओढला की साखर तोंडात नि घशात अडकते, औषध सुटून खोल आत जातं. नुसती साखर जिभेला गोडसर लागे. हे नवं औषध मिसळलं, की कडूपणा कशालाच दाद देत नसे. सगळे उपाय करून पूडबाईने हात टेकले होते.

कंपनी आता ते रुग्णांना देऊन बघत होती. या चाचणीत खोटं औषध कोणालाच नव्हतं. भरती झालेल्या प्रत्येक रुग्णाला खरंच औषध मिळणार होतं. फक्त कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना प्रवेश नव्हता, आणि आईचा आजार नेमका तोच होता. फुफ्फुसं आकसत जाण्याचा, तिच्या माहेरून रक्तात आलेला. मामा त्यातच गेला होता.

"नियम म्हणजे नियम," साहेब म्हणाले होते. पूडबाई मुकाट्याने टेबलाशी परत आली होती.

आणि मग तिने ते केलं. बाटल्या तिच्याच खोलीत भरल्या जात. रुग्णांची नावं तिला कळत नसत. बाटलीवर फक्त नंबर आणि श्वासाचा जोर लिहिलेला असे, कारण पंपाची जाळी त्यावरून निवडायची. अकरा नंबरचा जोर बघून ती चाटच पडली. हा आजारी आहे की पैलवान? याला औषध जरा उशिरा मिळालं म्हणून काही आभाळ कोसळत नाही, अशी तिने मनाची समजूत घातली. अकरा नंबरच्या कॅप्सूल तिच्या पर्समधून घरी आल्या. त्याच्या बाटलीत नुसत्या साखरेच्या गेल्या. दिसायला हुबेहूब. कोणाला कानोकान खबर लागली नाही.

आईला तिने बजावलं होतं, "ओळखीने मिळालंय. बोलायचं नाही कोणाला."

"धाकट्यालासुद्धा?"

"त्याला तर मुळीच नाही. त्याच्या पोटात काही राहतं का?"

चाचणी पुढे सरकत गेली. एका सकाळी साहेब तिच्या दारात उभे राहिले.

"सगळे सुधारतायत. अकरा नंबर तेवढा झपाट्याने खाली चाललाय. ज्याचा दम सगळ्यांत चांगला, तोच! पूड बरोबर होती ना?"

"बरोबर होती," ती म्हणाली. साहेब गेल्यावर तिने बेसिनपाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं. आजपासून हे बंद, तिने ठरवलं.

घरी आली, तर आई भाजीची पिशवी घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी. "कुठेही थांबले नाही गं! एका दमात आले!"

शर्यत जिंकल्यासारखा तिचा चेहरा फुलला होता. तो बघून लेकीचा निश्चय पाघळला. पुढच्या बाटलीपासून नक्की थांबवू, एवढी एकच. आणि अकरा नंबरच्या नव्या बाटलीतही साखरच गेली.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारातल्या माणसाला तिने क्षणभर ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, ओठ निळसर, चौकट धरून उभा. धाकटा होता.

"लिफ्ट... नाही ना... तुमच्याकडे," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला.

त्याला खुर्चीवर बसवलं. आईच्या डोळ्यांना धार लागली. दम खात खात तो बोलला.

"ताई, रागावू नकोस. तपासणीत माझ्यातही तेच निघालं. तुमच्या चाचणीत शिरलो मी. नातं सांगितलं नाही." त्याने खिशातून पंप आणि एक बाटली काढली. नंबर त्याच्या अंगठ्याखाली झाकला होता. "बाकीच्यांना गुण येतोय म्हणे. मला काही लागू पडत नाही बघ. कालच नवी बाटली मिळाली, उघडलीही नाही. आईसाठी आणलीय. तिला तरी बरं वाटू दे."

पूडबाई त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

आपल्याला हे औषध केव्हापासून मिळतंय, ते आईने सांगितलं नाही. पोराचं मन कशाला मोडा? तिने डोळे पुसले, त्याच्या पंपात कॅप्सूल बसवली, कडूपणाच्या तयारीने आधीच तोंड वाकडं केलं आणि श्वास ओढला.

तिचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"अगंबाई," ती कौतुकाने म्हणाली, "हे तर गोड आहे!"