बिनधुराचं इंजिन

हौशीराम दम्यानं मेला. पोलीस पाटलानं तशी वर्दी वडगावच्या कचेरीत धाडली, गावानं बांबू तोडले, आणि कालपर्यंत त्याला नावं ठेवणारेही ‘माणूस मोठा गुणाचा’ म्हणू लागले. म्हणजे मरण अगदी पक्कं होतं. पण ते झालंच नाही असं धरून आपण पुढं जाऊ, कारण तिरडीवर बांधलेल्या हौशीरामला या घडीला फार मोठा खोकला आला होता.

त्यानं तो गिळला.

चूक त्याची नव्हती. त्याच्या छातीची घरघर चार घरं पलीकडं ऐकू जाई. आज पहाटे कधी नव्हे ती छाती मोकळी झाली आणि त्याला गाढ झोप लागली. घरघर थांबली म्हणून शेजारी जमले. तो जागा झाला तेव्हा अंगणात पाणी तापत होतं. डोळे उघडून ‘मी हाय’ म्हणणार, तेवढ्यात पुतण्या भिमाजी ओरडला, “बिगीबिगी उचला रं! मळवलीला ती विजेची गाडी यायची हाय. मसणवाटंवरचं फाटक लागलं तर मढं घेऊन हुबं ऱ्हावं लागंल!”

हौशीरामनं डोळे मिटलेलेच ठेवले.

उभी हयात त्यानं लोणावळ्याच्या घाटात इंजिनात कोळसा मारला होता. कोळसा इंजिनानं खाल्ला, धूर त्यानं. आता कोळसा न खाणारं इंजिन येणार होतं! मग खातं काय ते? एवढंच त्याला बघायचं होतं. आठवडाभर तो भिमाजीच्या विनवण्या करत होता, “मला फाटकापतुर ने की रं.” स्वतः निघाला तर मारुतीपाशीच बसकण मारी. भिमाजीला सवड नव्हती. जित्या माणसाला एक खांदा मिळेना. मेल्यावर चार मिळाले, वर कडकडीत पाण्याची अंघोळ.

अडचण एकच आली. पाटील अंबाजी नाकात घालायला कापूस घेऊन वाकला. तेवढ्यात हौशीरामच्या बायकोनं, विठाबाईनं, त्याचा हात धरला.

“जित्तेपणी त्येन्ला श्वास मिळाला न्हाई, पाटील. आता तरी नाक मोकळं ऱ्हाऊ द्या.”

बायाबापड्यांना हुंदका आवरेना. विठाबाईनं मात्र तोंडात तुळशीचं पाणी घालताना नवऱ्यानं घोट गिळलेला पाहिला होता. तेव्हापासून ती जी रडू लागली ती थांबेना. तिरडीवरून घरघर आली की तिचा सूर चढे. “काय माया!” लोक म्हणाले. बाकीच्या बायका वेशीवरून माघारी फिरल्या, ही फाटकापर्यंत आली. अडवायची कुणाची छाती झाली नाही.

आणि फाटक लागलेलंच होतं! विसाव्याला म्हणून तिरडी रुळांशेजारी टेकवली आणि मढ्याला विसरून सगळे फाटकाला लोंबकळले. रूळ गुणगुणायला लागले. हौशीरामनं हळूच डोळे उघडले. आलं, आलं! कपाळावर झेंडूची माळ, मागं डब्यांची रांग, आणि वर आभाळ स्वच्छ निळं!

“आयला! धूरच न्हाई!” हौशीराम मान वर करून ओरडला. “आरं, पण खातंय तरी काय?”

गाव पळालं. भिमाजी सगळ्यांत पुढं. विठाबाई तेवढी खाली बसून दोऱ्या सोडत होती. “बगितलंसा न्हवं?” ती म्हणाली. “आता खोका मनसोक्त.”

तो खोकला. ते ऐकून पाटलाला धीर आला आणि तो बाभळीआडून बोलला, “हौशीराम, वर्दी वडगावला ग्येली. कचेरीत तू मेलास.”

“कशानं?”

“दम्यानं. दुसऱ्या कशानं मरनार तू?”

हौशीराम तिरडीवर उठून बसला. रात्र रात्र उठून पुढच्या श्वासाची वाट बघताना त्याला एकच भीती वाटे, की शेवटी हा दमाच गळा दाबणार. रेल्वेच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणायचा, “दमेकरी दम्यानंच जातो असं नाही. कुणाचं काळीज बंद पडतं, कुणाच्या छातीत ताप भरतो.” हौशीरामला ते गोड लागे, खरं वाटत नसे. गाव म्हणे, दमा जायचा तो दम घेऊनच. पण आता गावानंच त्याला दम्यानं मारून मोकळं केलं होतं!

त्याचा चेहरा इंजिनाच्या दिव्यासारखा उजळला. तिरडीवर मांडी घालून, नोकरीत साहेबांकडून ऐकलेल्या भाषेत, त्यानं पाटलाला वडगावला धाडायचा मजकूर सांगितला:

“वर्दी रद्द करू नये. सदर इसम दम्याने एकदा रीतसर मयत झालेला असल्यामुळे त्यास पुन्हा त्याच कारणाने मरावयास लावू नये. पुढील खेपेस काळीज, ताप अथवा बिनधुराचे इंजिन, यांपैकी जे शिल्लक असेल ते मंजूर व्हावे, ही विनंती.”