एकशे वीस व्होल्ट

नव्या ड्रिलच्या चार्जरचा प्लग सॉकेटपाशी नेला आणि तिने हात तसाच मागे घेतला. पाठीमागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, एकशे वीस व्होल्ट. भिंतीत होते दोनशे तीस. बटण दाबलं असतं तर चार्जरचा तिथल्या तिथे धूर झाला असता.

"काय झालं गं?" कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं."

बॅटरीवर चालणारं हे ड्रिल तिने सुतारकामासाठी परदेशातून मागवलं होतं. हलकं, तिच्या दुखऱ्या मनगटाला झेपेल असं. इथे तसं मिळतच नव्हतं. मागवताना वजन पाहिलं, पकड पाहिली, चार्जर कुठल्या विजेवर चालतो ते बघायचं तेवढं राहून गेलं. आणि आजच एका नव्या घराचं दार बसवायचं होतं. त्या घरात वीज आली नव्हती, माणसं मात्र संध्याकाळी सामानासकट राहायला येणार होती.

तिने दुकानांना फोन लावले. या ड्रिलचा चार्जर कोणाकडेच नव्हता. ती येरझारा घालू लागली. रंधा उचलला, ठेवला. झाडलेला भुसा पुन्हा झाडला.

"मी बोलावलंय त्याला," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्याकडे तो ठोकळा आहे ना, वीज कमी करणारा."

"आई!"

"ओरडू नकोस. तुझं दार बसायला हवं की नको?"

तो आला तेव्हा त्याने ट्रान्सफॉर्मर कडेवर पोर घ्यावं तसा धरला होता. तो तिचा नवरा. लवकर येतो म्हणून परदेशी गेला आणि मनाला येईल तेव्हा परतला होता. बायकोने घरात घेतलं नाही, आईने सुनेची बाजू घेतली, आणि तो पलीकडच्या गल्लीत खोली घेऊन राहिला होता.

त्याने चार्जरवरची पट्टी वाचली, ट्रान्सफॉर्मरवरची वाचली, वायरी जोडल्या. ठोकळा घुमू लागला. बॅटरीवरचा दिवा लुकलुकला.

"तासभर लागेल. हा तापतो, लक्ष ठेवायला लागतं."

"मी ठेवते."

"तू एका जागी थांबशील?"

ती थांबली नाहीच. तो फळीवर बसला. आपल्याला काही ऐकूच येत नाही असा चेहरा करून सासूबाई आत निघून गेल्या. ती दुसऱ्या एका फळीच्या गुळगुळीत झालेल्या कडेवरून परत रंधा फिरवत राहिली.

"मागवायच्या आधी मला विचारायचंस," तो म्हणाला.

"विचारायला तू होतास कुठे?"

"आता होतो की."

रंधा अडकला. तिने तो जोरात पुढे रेटला आणि कडेचा टवका उडाला. दोघांनीही तो पाहिला.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "तुझ्या खोलीत एक बल्ब नि एक पंखा. हा ठोकळा तुला कशाला लागतो?"

तो ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवून बसला होता. "लाकूड घासायचं मशीन आणलंय तिकडून. तिकडच्याच विजेवर चालणारं. ते इथे चालवायला हा लागेल म्हणून बरोबर घेतला."

"तुला काय करायचंय लाकूड घासून?"

"मला नाही."

तिने रंधा खाली ठेवला. मग आठवल्यासारखी पिशवी ओढली आणि बिजागऱ्या, स्क्रू, पेचकस एकेक करून आत टाकू लागली. लागणारं सगळं आत आधीच भरलेलं होतं हे तिच्या हाताला लागलं, तरी ती टाकत राहिली.

दिवा लुकलुकायचा थांबला. तिने बॅटरी काढून ड्रिलला बसवली, चाप दाबला. ड्रिल फिरलं. मनगटात कळ आली नाही.

पिशवी खांद्याला लावून ती दारापर्यंत गेली. मागे तो वायरी गुंडाळत होता.

"ते मशीन उघडून तरी बघितलंस का?"

"नाही. खोक्यातच आहे."

"मग चालतंय की नाही ते कसं कळणार?" ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "घेऊन ये. संध्याकाळी मी इथेच असते."

ट्रान्सफॉर्मर उचलायला तो वाकला होता. तिची पावलं गल्लीत ऐकू येईनाशी झाली तरी तो तसाच वाकलेला होता.