ताज्या हवेची खोली

चंद्रपुरात आता कुणी खिडकी उघडत नसे, बाहेरची हवा छाती भाजून काढायची. घरातली शिळी हवा बाहेर टाकताना तिचा गारवा ताज्या हवेला देणारं यंत्र आज मंजिरीकडे बसणार होतं. इंजिनिअर वैरागडे नकाशा घेऊन घरभर फिरत होते.

"झोपायच्या खोल्यांत ताजी हवा सोडू. यंत्र मात्र घरघरतं, त्याला बाजूची जागा हवी. स्वयंपाकघरामागे काय आहे?"

"कोठी आहे. तिथंच बसवा," मंजिरी पटकन म्हणाली.

वैरागड्यांनी दार ढकललं. आत तिचे सासरे खाटेवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"या साहेब," म्हणत ते उठले आणि अंथरूण गुंडाळू लागले. "खाट सरकवतो, म्हणजे माप घेता येईल."

"आजोबा, तुम्ही इथं झोपता?"

"छे, दुपारचा जरा टेकतो."

सुनेची लाज राखायला म्हातारा खोटं बोलत होता. मंजिरीचे कान तापले.

"रोज इथंच झोपतात ते," ती कशीबशी म्हणाली. "मी खोटं सांगितलं. यंत्र आमच्या खोलीत बसवा, कपाट काढते मी. ताजी हवा इथं सोडा."

वैरागडे माप घ्यायला तिकडे गेले.

"अगं, त्या घरघरीनं तुमची झोपमोड होईल," सासरे काळजीनं म्हणाले.

मंजिरीला मान वर करता येईना. तिनं त्यांच्या हातातलं अंथरूण घेतलं आणि खाटेवर पुन्हा पसरायला लागली.