हिरवं बटण

"झालं. पांढरं दाबलं म्या," पडद्यामागून बाहेर येत धुरपदाबाई म्हणाली आणि पदर सारखा करून निघालीसुद्धा.

दारात बसलेल्या गजराबाईनं, तिच्या धाकट्या जावेनं, कपाळावर हात मारला. "आवं जाऊबाई, पांढरं म्हंजी दुपारचं पानी! तुमाला तर नळ सकाळी पायजे ना?"

"मंग? सकाळीच पायजे की."

"मंग हिरवं दाबायचं व्हतं."

धुरपदाबाई थांबली. स्वतःच्या रिकाम्या मनगटांकडं एकदा बघून म्हणाली, "खुळी का काय तू? हिरवं म्या कसं दाबू?"

माकणीच्या अंगणवाडीत जमलेल्या बायकांना यात नवल वाटलं नाही. नवरा गेला की हिरवं लुगडं सुटतं, हिरव्या बांगड्या सुटतात; मग बटण तेवढं कसं चालेल? गोंधळली ती एकटी वर्षाराणी, कारण ते खोकं तिनं बनवलं होतं.

खोकं साधंच होतं. ग्रामसभेत बायका मागं बसायच्या आणि नळ कधी सोडायचा ते पुढं बसलेले ठरवायचे. म्हणून सरपंच राजेश्वरीताईंनी तिला धाराशिवहून बोलावून घेतलं होतं. बाईनं पडद्यामागं जायचं, खोकं वर्षाराणीच्या आवाजात विचारणार, तिनं एक बटण दाबायचं. वाचता यायला नको, कुणापुढं तोंड उघडायला नको. सकाळी पाणी हवं तर हिरवं, दुपारी हवं तर पांढरं. धाराशिवला सगळ्यांनी या खोक्याचं कौतुक केलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही ते जरा जास्तच आवडलं होतं.

"मावशी, नुसतं बटण आहे हो ते," वर्षाराणी म्हणाली. "रंग ओळखायला सोपा, म्हणून..."

"व्हय गं पोरी, सोपाच हाय," धुरपदाबाई समजुतीनं म्हणाली. "लांबनंच वळखला म्या."

ती रोज दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. नळ दुपारी यायचा आणि तिची घागर दारात कोरडीच राहायची. संध्याकाळी बोअरवाल्यांच्या अंगणात घागर घेऊन उभं राहणं तिच्या जिवावर यायचं. आज अर्धा रोज मोडून ती फक्त बटण दाबायला आली होती, आणि दाबून बसली दुपारचं.

वर्षाराणीच्या मनात पाल चुकचुकली. तिनं गजराबाईला विचारलं, "मावशी, तुम्ही दाबलं असतं का पांढरं?"

"आगं बया!" गजराबाईनं हिरव्या चुड्याचे हात पाठीमागं घेतले. "आमचं मालक चांगलं धडधाकट हायेत की!"

बायका खो खो हसल्या. वर्षाराणीला हसू येईना. सकाळपासून गावातल्या बायकांनी पाण्याबद्दल काही सांगितलंच नव्हतं. कोण सवाष्ण आणि कोण विधवा, एवढंच खोक्यात गोळा झालं होतं. ते तर गावाला आधीपासूनच ठाऊक होतं.

"ताई, सगळं पुसून पुन्हा सुरू करावं लागेल," ती ओशाळून राजेश्वरीताईंना म्हणाली. "चूक माझीच आहे."

"मंग पूस की. सभा संध्याकाळी हाय," राजेश्वरीताई म्हणाल्या. "बायकास्नी मी परत बोलावते. चा ठेवला म्हनलं की येतेत सगळ्या."

वर्षाराणीनं दोन्ही बटणांवर खाकी चिकटपट्टी लावली. एकीवर पेनानं कोंबडा काढला, दुसरीवर डोक्यावर आलेला सूर्य. मग खोक्यात नव्यानं आवाज भरला. गजराबाईनं वाकून बघितलं.

"ह्यो कोंबडा हाय व्हय? मला तर मांजर वाटलं."

"कसा का असंना, सकाळी आरवला म्हंजी झालं," धुरपदाबाई म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी पडद्यामागं शिरली.

आतून खोक्याचा आवाज आला, "नळ कधी यावा असं तुम्हाला वाटतं?" मग बटण खटकन वाजलं. "तुमचं मत मिळालं," खोकं म्हणालं.

धुरपदाबाई काही बाहेर येईना. आता आणखी काय चुकलं, म्हणून वर्षाराणी पडद्याजवळ गेली.

"मावशी, दाबलं का?"

"दाबलं की. कोंबडाच दाबला."

"मग या ना बाहेर."

"थांब की गं," पडद्याआडून धुरपदाबाई म्हणाली. "येवढंच इचारायचं व्हतं व्हय ह्येला? आनखी कायतरी इचार म्हनावं. म्या बसले हितं."