तीन मिनिटं

सभागृहातल्या माइकवर मोहरीएवढा एक हिरवा दिवा होता. आवाज पोचला की तो लागे, थांबला की दोन सेकंदांनी विझे.

नगराध्यक्ष व्हर्ना स्कोगलंड खुर्चीतून त्याकडे पाहत होती. मिनेसोटातल्या त्या लहान गावाने अपंगांच्या सन्मानाचा एक दिवस पाळावा, हा ठराव चार वर्षं पडून होता. मतं तीन-तीन, निर्णायक मत व्हर्नाचं. दर वेळी ती विषय पुढच्या महिन्यावर टाकायची. दिवस ठरला की टेकडीवरच्या बंद अपंगगृहामागे जायचं, आणि तिथल्या नुसते आकडे कोरलेल्या थडग्यांवर नावं घालायची, असं ठरावातच होतं. आणि व्हर्ना आईबापांची एकुलती एक, अशी गावाची समजूत होती.

कागदावर ज्याचं नाव, त्याला पुकारायचं आणि बोलायला तीन मिनिटं द्यायची, असा सभेचा नियम. आज नऊ नावं होती. सगळी डेल्फीन रुबिडोने लिहिलेली. लहानपणी ती त्याच अपंगगृहात होती. आता चाकांच्या खुर्चीत माइकशेजारी बसली होती. ही नऊही माणसं टेकडीवर पुरलेली आहेत, एवढंच तिने सांगितलं.

मेलेल्यांना बोलावलंच आहे तर कॉफी थोडी वाढवा, असं सभासद लाइल म्हणाला. दोघंतिघं हसले. पण नियम तो नियम. व्हर्नाने पहिलं नाव पुकारलं.

माइकसमोर कोणी आलं नाही. दिवा लागला. बरोबर तीन मिनिटं जळला आणि विझला.

लाइलने उठून माइकची तार बदलली, मग घरघरणारा हीटर बंद केला. दुसऱ्या नावालाही तेच झालं. पाचव्या नावानंतर कोणी कॉफीला हात लावला नाही.

आठवं नाव झालं तसा व्हर्नाने कागद पालथा घातला. यादी संपली म्हणाली.

"एक राहिलंय, व्हर्ना," डेल्फीन म्हणाली. "जड जात असेल तर मी वाचते."

तिचं बोलणं थांबलं, नववं नाव कोणी पुकारलं नव्हतं. तरी दिवा विझला नाही.

लाइलने खाली वाकून हळूच विचारलं, नेहमीसारखं पुढच्या महिन्यावर टाकायचं का?

व्हर्नाने कागद सरळ केला.

"नको. इव्हर स्कोगलंड. माझा धाकटा भाऊ," ती म्हणाली. "त्याचं बोलून झालं की माझं मत लिहून घ्या. ठरावाच्या बाजूने."